दोन बादल्यांची टाकी

गिझर घ्यायला गेलं की दुकानदार आधी माणसं विचारतो, हे मला माहीत नव्हतं. वीज कुठली, पाणी कुठलं, जागा किती, या प्रश्नांची उत्तरं मी वाटेतच जुळवून ठेवली होती. नारायणगावातल्या त्या दुकानात काउंटरमागच्या माणसानं पावतीपुस्तकातून मान वर न करता विचारलं, "मेंबर किती घरात?" आणि मी म्हणालो, "दोन."

खोटं बोलायचं मनात नव्हतं. तोंडातून निघून गेलं. बायकोला जाऊन दुसरा हिवाळा चालू होता, आणि इतक्या दिवसांत मला कुणी माणसं विचारलीच नव्हती. बाजारात गिऱ्हाईक चष्मा कितीला म्हणून विचारतं, ओळखीचं कुणी भेटलं तर तब्येत विचारून पुढं जातं. दुरुस्त करायचं राहून गेलं, आणि त्यानं दोन माणसांना पुरेल असा गॅसचा गिझर काढून पुढ्यात ठेवला. मी म्हटलं, हा गाडीत बसवायचा आहे. तेव्हा कुठं त्यानं मान वर केली.

"गाडीत? म्हंजी ट्रॅव्हल्समधी?"

"नाही. मी गाडीत राहतो."

तो ज्या नजरेनं बघायला लागला ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. आठवड्याचे पाच-सहा दिवस मॅटाडोरमध्ये राहणाऱ्या माणसाचं काहीतरी बिनसलेलं असणार, असं लोक धरूनच चालतात. पूर्वी बायको शेजारी असायची, तेव्हा असं कुणी बघत नव्हतं. दोघं राहिली की ते घर, एकटा राहिला की तो वेडा.

माझा धंदा चष्म्यांचा. घोडेगावात आमची एक खोली होती, पण तिथं आम्ही कपडे धुण्यापुरते जायचो. बाकीचा आठवडा घोडेगाव, मंचर, नारायणगाव, ओतूर, बेल्हे असा बाजारांचा फेरा. नव्वदच्या सुमाराला एक जुनी मॅटाडोर घेतली आणि तिच्यातच संसार थाटला. पुढं दोन सीट, मधे पलंग, पलंगाखाली फ्रेमांचे डबे, एका अंगाला शेगडी आणि मागच्या कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा करून न्हाणी. मागचं दार उघडलं की दुकान सुरू. बाहेर टेबल मांडायचं, त्यावर फ्रेमा, आणि शेजारी एका ताटात खडे मिसळलेले तांदूळ. अक्षरांचा तक्ताही होता, पण जिला अक्षर येत नाही तिला तक्ता दाखवून काय उपयोग? तिच्यापुढं ताट ठेवायचं. चष्मा लावून तिला खडे वेचता आले की नंबर बरोबर. ही युक्ती माझ्या बायकोची. बाया तिच्याशीच बोलायच्या, तिच्यापाशीच बसायच्या, आणि चष्म्याबरोबर सुनांची गाऱ्हाणीही तिथंच सांगायच्या. माझ्या वाट्याला पुरुष यायचे आणि घासाघीस करायचे.

स्क्रू बसवायचं कामही तिचंच होतं. चष्म्याच्या काडीचा स्क्रू मोहरीएवढा असतो. माझी बोटं जाडजूड, मी हात घातला की स्क्रू गेलाच. तिची बोटं बारीक आणि शहाणी होती. पण थंडीत ती आखडायची. तिचं माहेर बोरी बुद्रुकचं. लग्नाआधी रोज पहाटे कोथिंबिरीच्या आणि मेथीच्या जुड्या गार पाण्यात बुचकळून बाजाराला पाठवायच्या, ते गार पाणी तिच्या सांध्यांत जाऊन बसलं ते बसलंच. गाडीतल्या पहिल्या हिवाळ्यात मी बघितलं, आंघोळ झाली की ती दोन्ही हात काखेत धरून बसायची आणि ऊन चढेपर्यंत पेचकसाला हात लावायची नाही.

म्हणून ती टाकी. आळेफाट्याला ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याला म्हटलं, इंजिन तापवतं ते पाणी रेडिएटरमध्ये जाऊन फुकट गार होतं, त्यावर मला आंघोळीचं पाणी तापवायचं आहे. तो आधी हसला, मग दोन दिवस गाडी ठेवून घेतली. त्यानं तांब्याच्या नळीचं वेटोळं केलं, ते जाड पत्र्याच्या टाकीत बसवलं आणि इंजिनचं कढत पाणी त्या वेटोळ्यातून फिरवून परत नेलं. इंजिनचं पाणी नळीत, आंघोळीचं टाकीत, दोघांची गाठभेट नाही. गाडी तासभर चालली की दोन बादल्या पाणी तयार. बायकोनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून टाकीला गुंडाळली. मिस्त्री म्हणाला, "लई थाट झाला राव टाकीचा!"

गाडी चालली तरच पाणी तापणार, म्हणून आम्ही पहाटे निघायचो आणि उजाडता उजाडता बाजाराच्या गावी पोचायचो. गाव जवळ असलं तर मी मुद्दाम वळसा घालायचो. नारायणगावला जायचं असलं तर खोडदवरून. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या दिसल्या की ती विचारायची, "अवो, हा कुठला रस्ता?" मी ठोकून द्यायचो की पुढं रस्त्याचं काम चालू आहे. तिला कळत असणार. वर्षानुवर्षं कुठल्या रस्त्याचं काम चालतं?

पोचल्यावर आधी माझी आंघोळ, कारण दुकान मांडायचं असायचं. मी बाहेर टेबल लावेपर्यंत मागून ती उरकून घ्यायची. टाकी भरायचं काम तिचं, हापश्यावरून, नाहीतर कुणाच्या बोअरवरून. शेगडीचा गॅस फक्त चहा-भाकरीला. सिलिंडर मिळायला तेव्हा नंबर लागायचा आणि आम्ही कधी खोलीवर सापडायचो नाही. टाकी असताना शेगडीवर पाण्याचं पातेलं दिसलं की मी खेकसायचो. एक-दोनदा खेकसलो, मग दिसलं नाही.

बाजारात मी सगळ्यांना सांगत सुटायचो, आमच्या गाडीत गरम पाणी आहे. कांदेवाल्याला, भांडीवालीला, चष्मा घ्यायला आलेल्याला, न घेणाऱ्यालाही. नवरा म्हणून मी फारसं काही केलं नाही. साडी आणली की रंग चुकायचा. रागावलो की दोन-दोन दिवस बोलायचो नाही, आणि गाडीत दोन दिवस न बोलणं म्हणजे काय ते गाडीत राहणाऱ्यालाच कळेल. पण तिच्या हातांना गरम पाणी दिलं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत होतो. ती गेल्यावर तर तेवढंच धरून बसलो होतो.

शेवटच्या चार-पाच हिवाळ्यांत तिच्या हातून स्क्रू पडायला लागले. सकाळच्या वेळी हमखास. पडला की ती लोहचुंबक घेऊन मातीत शोधत बसायची आणि गिऱ्हाईक तोंडाकडं बघत उभं. मी चिडायचो. म्हणायचो, "डोळे तपासून घे. चष्मेवाल्याची बायको आणि तुलाच दिसंना." ती हसायची. एकदा मी तिलाच तांदळाचं ताट दिलं. तिनं सगळे खडे वेचून काढले, एक शिल्लक ठेवला नाही. तरी मी तिला नंबर वाढवून नवा चष्मा केला. आमच्या धंद्यात माणसाचं काहीही बिघडलं तरी आधी डोळेच दिसतात. तिनं तो चष्मा निमूटपणे घातला, आणि स्क्रू पडत राहिले.

त्याच सुमाराला एकदा चहा ओतताना ती म्हणाली, "टाकीत पाणी कमी मावतंय का वो?" मी वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणालो, "तूच जास्त वापरत असशील." पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

एका पावसाळ्यात तिला ताप आला. मंचरच्या दवाखान्यात चार दिवस होती. पाचव्या दिवशी मी एकटा गाडी घेऊन घोडेगावला आलो.

महिनाभरानं पुन्हा बाजार सुरू केले. दुसरं काय करणार होतो? चाकणला दिलेली मुलगी म्हणाली, या आमच्याकडं. गेलो, आठ दिवस राहिलो, जावयाच्या खुर्चीत बसून जावयाचा टीव्ही बघितला आणि परत आलो. बाजारात बाया यायच्या, गाडीत डोकवायच्या, विचारायच्या, "ताई कुठं गेल्या?" मी सांगितलं की थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि चष्मा न बघताच जायच्या. ताट मी तरीही मांडायचो. दुपारी बाजार ओसरला की स्वतःच खडे वेचायचो आणि परत मिसळून ठेवायचो. गाडी चालवताना शेजारची रिकामी सीट बघवायची नाही, म्हणून तिच्यावर फ्रेमांचा डबा ठेवायचो. दिवसभरात जे बोलायचो ते सगळं नंबराबद्दल. दुकान आवरलं की दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत तोंड बंद. इतकं एकटं वाटायचं की कधी कधी मी खोडदच्या वळणावर मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो, "पुढं काम चालू आहे."

टाकी आता मीच भरायचो. एक बादली ओतली की ती वरून वाहायला लागायची. मला वाटायचं, आधीचं पाणी शिल्लक असेल, एकट्याला लागतं किती.

दुसऱ्या हिवाळ्यात टाकी गळायला लागली. ओतूरला सकाळी बघतो तर गोधडी चिंब, पलंगाखालच्या डब्यांत पाणी. गोधडी सोडवून उन्हात टाकली आणि नवं काहीतरी घ्यायचं म्हणून नारायणगावचं ते दुकान गाठलं.

दुकानदार माणूस चांगला निघाला. गाडीची सगळी हकीकत ऐकल्यावर त्यानं तो गॅसचा गिझर स्वतःच मागं सारला. "हा बंद गाडीत लावू नका भाऊ. हवा खातो हा. दार लावून आंघोळीला बसला तर उठायचा न्हाई मानूस." विजेचा दाखवला, पण बाजारात गाडीला वीज कोण देणार? आणि ते दिवस असे की गावातच वीज आठ-आठ तास नसायची. जुन्नरला जाऊन तांब्याचा बंब बघितला. बंब देखणा होता, पण गाडीत बंब पेटवला असता तर लोक विझवायला धावले असते. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडं गिझर आहे. गाडी विका आणि या." मी म्हणालो, मी गिझरबद्दल विचारतोय, गाडीबद्दल नाही. आणि फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं, पण परत लावला नाही.

शेवटी आळेफाट्यालाच गेलो. मिस्त्री म्हातारा झाला होता, कान जरा गेले होते, हात तसेच होते. त्याला बायको गेल्याचं कळलं होतं. तो विषय त्यानं काढला नाही, चहा मागवला. मग गाडीत शिरून टाकीवर बोटांनी ठोकलं. वरच्या अंगाला पोकळ आवाज आला, खाली भरीव. पुन्हा ठोकलं.

"टाकी रिकामी केली ना तुमी?"

"कालच केली."

"मग खाली काय हाय?"

त्यानं टाकी खोलून बाहेर काढली. ती उचलायला आम्ही दोघं लागलो, रिकामी टाकी इतकी जड कशी याचं मला नवल वाटलं. त्यानं वरचा पत्रा कापला आणि मला बोलावलं.

आत दगड होता. पांढरा, थरावर थर बसलेला, तांब्याचं वेटोळं निम्म्यापर्यंत त्यात गाडलेलं. मिस्त्रीनं छिन्नीनं ठोकून एक कपचा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"बोअरचा क्षार हाय ह्यो. तुमच्या बेल्ह्या-बोरीकडचं पानी लई जड. तापलं की खाली बसतं." त्यानं कोपऱ्यातली बादली उचलली आणि माप बघायला टाकीत पाणी ओतलं. बादली पुरती रिकामी झाली नाही तोच टाकी काठोकाठ आली. "एका बादलीची जागा ऱ्हायलीय. ती पन पुरी न्हाई."

"कधीपासून असेल?" मी विचारलं.

"आजचं काम न्हाई हे राव. येवढा थर बसायचा म्हंजी सहा-सात वर्सं तरी झाली." मग त्याला काहीतरी खटकलं. "पन तुमी दोगं व्हता. तुमाला कसं कळलं न्हाई?"

"मला पाणी मिळत होतं," मी म्हणालो.

मी बाहेर येऊन एका ट्रकच्या टायरवर बसलो. कपचा हातातच होता. आधी जो आला तो राग होता, आणि तो तिच्यावर होता. त्यातली पाच वर्षं ती होती! पाच हिवाळे रोज सकाळी मी गरम पाण्यानं अंग शेकून बाहेर पडलो, टेबल मांडलं, लोकांना गाडीतल्या गरम पाण्याचं कौतुक सांगितलं, आणि पत्र्यापलीकडं ही बाई हापश्याच्या पाण्यानं आंघोळ करत होती. बोलायला काय झालं होतं? एक शब्द टाकला असता तर त्याच दिवशी टाकी उघडली असती.

मग आठवलं, एक शब्द तिनं टाकला होता. मीच वर्तमानपत्रातून मान वर केली नव्हती. आणि तो नवा चष्मा, जास्त नंबरचा, तो लावून तिला धड दिसत नसणार. तोही तिनं घातला. मी टायरवर बसून रडलो. फाट्यावर एसट्या येत होत्या, जात होत्या, कंडक्टर नाशिक-नाशिक ओरडत होते, माझ्याकडं बघायला कुणाला वेळ नव्हता, ते बरं झालं.

मिस्त्री बाहेर आला. "नवी करून देतो. आता पत्र्याची नको, स्टीलची करू, गळायची न्हाई. एका बादलीची बास ना? तुमी एकलंच."

"दोनचीच कर."

"दुसरी कुनाला?"

"दोनची कर म्हणतो ना. आणि वर झाकण ठेव, बोल्टचं. उघडून आत बघता आलं पाहिजे."

त्यानं तशीच केली. तीन दिवस लागले. गोधडी वाळली होती, ती मीच परत गुंडाळली, पण गाठी तिच्यासारख्या बसल्या नाहीत.

पुढच्या बाजाराला बेल्ह्याला गेलो. कडाक्याची थंडी होती, पहाटे निघालो तेव्हा काचेवर दव गोठल्यासारखं दिसत होतं. पोचल्यावर कॉक सोडला आणि कढत पाण्याची एक बादली काढून आंघोळ केली. पाणी छान होतं. टाकीत आणखी एक बादलीभर शिल्लक होतं, मी गोधडीवरून हात फिरवून बघितला. मग तीच बादली घेऊन हापश्यावर गेलो, गार पाण्यानं भरून आणली, न्हाणीत ठेवली, दार लावलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले. आंघोळीला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ धरले. ती कितीही घाई करायची म्हटलं तरी अंगावर पंधरा-वीस तांबे घेतच असेल. मी तेवढे मोजले. आठच्या पुढं बोटं कुठं आहेत ते समजेना.

बाहेर आलो, टेबल मांडलं. पहिलंच गिऱ्हाईक एक म्हातारी, जुन्या ओळखीची, बायकोपाशी तासन्‌तास बसणारी. तिच्या चष्म्याची काडी निघाली होती. मी डबीतून स्क्रू घेतला, भोकावर धरला, आणि तो पडला. दुसरा घेतला. तोही पडला. मी खाली बसून लोहचुंबक मातीत फिरवायला लागलो. बोटांत लोहचुंबकही नीट धरता येईना.

म्हातारी वरून बघत होती. हसून म्हणाली, "डोळं तपासून घ्या की भाऊ. चष्मेवालं तुमी, आन तुमालाच दिसंना व्हय?"

"डोळे चांगले आहेत, आजी," मी खालूनच म्हणालो. "हात गारठलेत."

"आता गं बया! आन तुमच्या गाडीत तर गरम पानी असतंय म्हनं. तुमीच सांगत व्हता की समद्यांना."

"आहे," मी म्हणालो. "एक बादली तशीच आहे."